क्रूझर आणि स्पोर्ट मोटरसायकल : कागदावरचे वजन आणि हाताला जाणवणारे वजन

प्रश्न :
नमस्कार. माझी उंची 5 फूट 4 इंच असून गेली नऊ वर्षे मी 125 सीसीची गाडी चालवतो. आता रॉयल एन्फील्ड मिटिऑर 350 ही क्रूझर (पाय पुढे ठेवून ऐसपैस बसायची गाडी) किंवा यामाहा आर15 ही स्पोर्ट गाडी (पुढे वाकून चालवायची) घेण्याचा विचार आहे. रोज कात्रज ते शिवाजीनगर जाणे-येणे असते आणि महिन्यातून एकदा पसरणी घाटाने पाचगणीला आईवडिलांकडे जातो. मिटिऑरचे वजन 191 किलो, तर आर15चे सुमारे 142 किलो आहे. तरीही शोरूममध्ये बसून पाहिले तेव्हा जड गाडीच मला अधिक आटोक्यातली वाटली आणि हलक्या गाडीवर पाय अवघडले. असे का व्हावे, आणि रस्त्यावरही हाच अनुभव येतो का?

प्रतिसाद 1 :
मिटिऑरच्या सीटची उंची 765 मिलिमीटर आहे आणि आर15ची 815. या पाच सेंटीमीटरमुळे एका गाडीवर तुमचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, तर दुसरीवर फक्त चवडे. शिवाय क्रूझरचे हँडल रुंद आणि उंच असल्यामुळे हातांना तरफेचा फायदा मिळतो व उभी गाडी सावरणे सोपे जाते. मात्र हा दिलासा गाडी सरळ उभी असेपर्यंतच असतो. एका मर्यादेपलीकडे ती कलली, की 191 किलो म्हणजे काय ते गुडघ्याला कळते.

मी तीन वर्षे क्रूझर वापरतो आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला भिंतीकडे उतार आहे. पहिल्याच आठवड्यात मी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आणि सकाळी सीटवर बसून पायांनी मागे रेटू लागलो, तर ती तसूभरही हलेना. शेवटी खाली उतरून, एक हात हँडलवर आणि दुसरा मागच्या ग्रॅबरेलवर ठेवून, ती वीतभर वीतभर ओढावी लागली. तेव्हापासून मी गाडी नेहमी बाहेरच्या दिशेने तोंड करून लावतो.

प्रतिसाद 2 :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. परंतु चालत्या गाडीचे गणित वेगळे असते. मिटिऑरचे इंजिन 27 न्यूटन-मीटरचा जोर (टॉर्क) मिनिटाला 4000 फेऱ्यांवर देते, तर आर15चा 14.2चा जोर 7500 फेऱ्यांवर मिळतो. त्यामुळे कात्रजच्या चढावर रांगत चालताना जड गाडी वरच्या गिअरमध्येही कुरकुर न करता ओढते, तर हलकीला वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो.

घाटात मात्र आर15ची बाजू वरचढ ठरते. दोन चाकांमधील अंतर तिच्यात 1325 मिलिमीटर आहे आणि मिटिऑरमध्ये 1400, म्हणून आर15 किंचित इशाऱ्यावर वळणात झुकते. क्रूझर वळणाआधी थोडी विनवणी करायला लावते आणि जास्त झुकवली तर तिचे फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) रस्त्याला घासतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : आपल्या स्वतःच्या शरीराचे वजन कुठे पडते? स्पोर्ट गाडीवर ते मनगटांवर येते, विशेषतः घाट उतरताना ब्रेक दाबले की. अशा वेळी टाकी मांड्यांनी घट्ट धरून पाठीचा जोर वापरला नाही, तर तळहात बधिर होतात. क्रूझरवर पाय पुढे असल्याने खड्डा आला तरी पेगवर उभे राहून शरीर नीट उचलता येत नाही आणि तो दणका थेट माकडहाडाला बसतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवारी दोन्ही गाड्यांची टेस्ट राइड ठरवली आहे. नेमके काय पाहावे?

प्रतिसाद 1 :
शोरूमभोवतीच्या एका फेरीवर समाधान मानू नका. किमान अर्धा तास मागून घ्या. अरुंद गल्लीत, पाय न टेकता, अर्ध्या क्लचवर गाडी पूर्ण वळवून पाहा. नंतर इंजिन बंद करून, खाली उतरून, ती हलक्या चढावर दहा पावले ढकलत न्या. घरी परतल्यावर लगेच नव्हे, तर रात्री झोपताना मनगटे आणि कंबर काय सांगतात ते पाहा, आणि मग इथे कळवा.