मकबरा, कबर की रौजा? नेमकं काय म्हणायचं

ताई, तुम्ही बीबी का मकबऱ्याला ‘उद्यान-समाधी’ लिहिलंय ते खटकलं म्हणून लिहितोय. समाधी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे आळंदी येते, रायगड येतो. मकबरा मराठीत चांगला रुळलेला शब्द आहे की, तोच ठेवा.

शब्द अरबी, कबरीवरूनच आलेला. अरबीत असा शब्दाच्या सुरुवातीला ‘म’ लागला की बऱ्याचदा जागेचा अर्थ येतो, म्हणजे सजदा करायची जागा ती मस्जिद, आपली मशीद, दर्स म्हणजे धडा, तो जिथे देतात तो मदरसा, आणि कबरीची जागा तो मकबरा. त्यामुळे कबर आणि मकबरा एक नाही. तिथे आत गेलात की संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे, त्यावरून खाली वाकून बघा, खालच्या भागात औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगमची कबर दिसते, चादर घातलेली, भोवती लोकांनी टाकलेली नाणी. ती कबर. आणि ती जपायला वर उभारलेला घुमट, मिनार, ते सगळं मिळून मकबरा.

– पटलं दादा, बदलते. पण मग बागेचं काय? माझा लेखच बागेवर आहे, आणि मकबरा म्हटल्यावर बाग कुठेच येत नाही.

बरोबर पकडलंत! त्यासाठी रौजा. या अरबी शब्दाचा मूळ अर्थच बाग, हिरवळ, आणि पुढे तो थोरामोठ्यांच्या कबरीच्या वास्तूला लागला. जन्नत या शब्दाचा अर्थही बागच ना, म्हणून तर पाण्याच्या पाटांनी चार भाग केलेली चारबाग आखायची आणि त्यात कबर ठेवायची, स्वर्गातच निजल्यासारखं. शहाजहानच्या काळात ताजमहालालाही रौजाच म्हणत. फक्त रोजा लिहू नका, तो उपासाचा, फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस त्यावरून आलेला, वेगळा शब्द.

आणि तुमच्या लेखात बीबी का मकबऱ्याच्या दारावर कोरलेली नावं जरूर घ्या, वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. ताजची नक्कल म्हणून लोक हिणवतात ते मला अजिबात आवडत नाही. खाली कमरेएवढा संगमरवर, वर घुमटापर्यंत दगडावर चुन्याचा गिलावा, घुमट परत संगमरवरी, आणि त्या गिलाव्यातलं नक्षीकाम जवळ जाऊन बघितलं तर हात जोडावेसे वाटतात.

– खुलताबादचं जुनं नाव रौजा होतं ना? आमची आजी तेच म्हणायची.

हो, आजींचं बरोबर आहे. खुलताबादचा ‘खुलणे’शी काही संबंध नाही, मूळ खुल्दाबाद, खुल्द म्हणजे शाश्वत, स्वर्ग. १७०७ मध्ये वारल्यावर औरंगजेबाला खुल्दमकान म्हणू लागले, त्यावरून हे नाव पडलं. त्याला तिथेच पुरलं, पण वर छत नाही, घुमट नाही, उघड्या आभाळाखाली साधी माती. म्हणून पेपरात कुणी ‘औरंगजेबाचा मकबरा’ लिहिलं तर ते चूक, ती कबरच. मकबरा बेगमचा.