उतरणाऱ्या विमानांमधले अंतर आणखी कमी करावे का?

मोठ्या विमानाच्या मागोमाग उतरण्यातला धोका कोणी नाकारत नाही. तरीही धावपट्टीवरून तासाला जास्त विमाने काढण्यासाठी दोन विमानांमधले अंतर घटवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यांना माझा आक्षेप आहे.

विमानाला उचलून धरणाऱ्या दाबातल्या फरकामुळे पंखांच्या टोकांशी हवा पिळली जाते आणि मागे एकमेकांविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे उरतात. विमान जितके जड आणि संथ, तितके हे भोवरे बलवान. हे भोवरे मिनिटाला साधारण 300 ते 500 फूट खाली सरकतात, त्यामुळे तीन अंशांच्या उतारावर नेमके राहणारे मागचे विमान सहसा त्यांच्या वरून निघून जाते. जमिनीजवळ मात्र हा हिशेब बिघडतो. तिथे भोवऱ्यांना खाली जायला जागा नसते. ते बाजूंना पसरतात, कधी उसळून वर येतात, आणि आडवा वारा अगदी हलका असेल तर ज्या बाजूने तो येतो त्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो. जोराच्या वाऱ्यात ते लवकर विरतात, म्हणजे वैमानिकाला जो शांत दिवस सर्वांत सोपा वाटतो तोच इथे सर्वांत घातक असतो.

30 मे 1972 रोजी टेक्सासमधील फोर्टवर्थ येथे प्रशिक्षणाच्या फेरीवर असलेले डीसी-9 विमान त्याहून मोठ्या डीसी-10 च्या मागून उतरताना त्याच्या भोवऱ्यात सापडून धावपट्टीच्या तोंडाशीच उलटले आणि त्यातले चौघेही मरण पावले. तेवढ्या उंचीवर विमान सावरायला अवकाशच नसतो. म्हणून माझे म्हणणे असे की दोन विमानांमध्ये ठेवायचे ठरलेले मैल कमी करू नयेत, आणि ‘पुढचे विमान मला दिसते आहे’ एवढ्या वैमानिकाच्या शब्दावर तर ते मुळीच सोडून देऊ नयेत.

प्रतिसाद १

धोक्याचे वर्णन अचूक आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही. आपण ज्या ठरलेल्या मैलांची बाजू घेत आहात ते मुळात फार ढोबळ आहेत. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या जुन्या, वजनावर आधारलेल्या वर्गवारीत 7 टनांपासून 136 टनांपर्यंतची सगळी विमाने ‘मध्यम’ या एकाच गटात येतात. त्यामुळे काही जोड्यांना गरजेपेक्षा जास्त अंतर मिळते आणि काहींना धोकादायक इतके कमी. वजनाबरोबर पंखांची लांबीही पाहून केलेले सहा गट 2012 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस विमानतळावर लागू झाले. त्यात काही अंतरे घटली, तशी लहान विमानांसाठी काही वाढलीसुद्धा.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. समोरून जोराचा वारा असला की विमानाचा जमिनीच्या तुलनेतला वेग घटतो आणि तेच मैल कापायला जास्त वेळ लागतो, आणि त्याच वाऱ्याने भोवरेही लवकर विरतात. अशा दिवशी मैलांना चिकटून राहणे म्हणजे सुरक्षिततेत काहीही भर न घालता विमानांना आकाशात ताटकळत ठेवणे आहे. तिथे 2015 पासून अंतर मैलांऐवजी वेळेत मोजले जाते, आणि ते योग्यच आहे.

धागाकर्ता

वाऱ्याच्या दिवशी वेळेने मोजायला माझी हरकत नाही, कारण तिथे निर्णय मोजमापावर उभा असतो. माझा रोख दृश्य अवतरणाकडे, म्हणजे पुढच्या विमानावर नजर ठेवून वैमानिकाने स्वतःच अंतर राखत उतरण्याकडे, आहे. अमेरिकेत वैमानिकाने पुढचे विमान दिसत असल्याचे सांगून त्याच्यामागे राहण्याचे मान्य केले की भोवऱ्यांपासून दूर राहण्याची जबाबदारी त्याच्यावर जाते. डिसेंबर 1993 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथे एक छोटे व्यावसायिक जेट बोइंग 757 च्या मागे सुमारे 2.1 नॉटिकल मैलांवर, आणि त्याच्या मार्गाच्या खालून, याच पद्धतीने येत होते. ते कोसळून पाच जण गेले. 757 वजनाच्या वर्गवारीतल्या ‘जड’ गटात बसत नव्हते, त्यामुळे त्याच्यामागे जास्त अंतर ठेवण्याचा नियम 1994 मध्ये, या अपघातानंतर आला. डोळ्यांना विमान दिसते. भोवरा दिसत नाही, आणि पुढचे विमान किती तीव्र उतारावरून आले हेही मागून नीट कळत नाही.

प्रतिसाद २

सांता आनाच्या घटनेतून मी वेगळा अर्थ काढतो. पुढच्या विमानाच्या मार्गाच्या वर राहावे आणि ते जिथे टेकले त्याच्या पुढे टेकावे, हा नियम वैमानिकांना शिकवला जातो. तो पाळणे कॉकपिटमध्येच शक्य आहे, नियंत्रकांच्या मनोऱ्यातून नाही. जबाबदारी काढून घेतली तर ती दक्षताही ओसरेल. शिवाय भोवऱ्यापेक्षा त्याला दिलेला प्रतिसाद घातक ठरल्याचे उदाहरण आहे: नोव्हेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे 587 क्रमांकाच्या फेरीचे विमान बोइंग 747 च्या भोवऱ्यात सापडले, पण त्याचे उभे शेपूट तुटले ते रडर (शेपटावरचे, विमान डावी-उजवीकडे वळवणारे सुकाणू) पुन्हा पुन्हा, टोकापर्यंत दाबल्यामुळे. खर्च करायचा तर प्रशिक्षणावर करावा, आणि शंका येताच अवतरण सोडून पुन्हा वर जाणाऱ्या वैमानिकाला कोणी जाब विचारू नये.

धागाकर्ता

शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. परंतु 587 उड्डाणानंतर चढत होते; धावपट्टीपासून शंभर फुटांवर एक पंख अचानक खाली गेला तर उत्तम प्रशिक्षित हातांनाही दोन-तीन सेकंदांपलीकडे काही मिळत नाही. आणि वर राहण्याचा नियम पाळायचा तर वर म्हणजे नेमके कशाच्या वर, हे वैमानिकाला कळायला हवे. म्हणून वारा पाच नॉटपेक्षा (ताशी सुमारे 9 किलोमीटर) कमी असताना मोठ्या विमानामागे दृश्य अवतरण देऊच नये; इतर वेळी द्यायचे असेल, तर पुढच्या विमानाचा प्रकार, त्याच्यापासूनचे अंतर आणि दोघांच्या वेगातला फरक नियंत्रकाने आधी सांगावा आणि मगच होकार मागावा.