मदत हवी आहे: तांत्रिक समितीत कुणी मतच देत नाही (पॅराशूटचं कापड)

रानवारा (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत पॅराशूटच्या कामात आहे, १४ वर्षं झाली. आमच्या क्षेत्रातल्या लोकांची एक तांत्रिक समिती आहे. सगळे आपापली नोकरी सांभाळून बिनपगारी काम करतात. जानेवारीपासून अध्यक्षपद माझ्याकडे आलंय. छत्रीच्या (म्हणजे पॅराशूटच्या) नायलॉन कापडाचं जुनं मानक सुधारायचं आहे. मसुदा पाठवून नऊ आठवडे झाले. १९ मतदार, त्यातल्या फक्त ५ जणांची मतं आली. ३ बाजूने, २ विरोधात. विरोधाचं कारण लिहिलेलं नाही. तीन वेळा स्मरणपत्र पाठवलं, उत्तर नाही.

पाच आठवड्यांनी सगळे प्रत्यक्ष भेटणार आहेत. ही भेट दोन वर्षांतून एकदाच होते. तेव्हा मंजूर झालं नाही तर पुन्हा दोन वर्षं गेली.

ज्यांना पगार देत नाही, ज्यांच्यावर आपला कसलाही अधिकार नाही, अशा लोकांकडून काम कसं करून घ्यायचं? ज्यांनी अशी समिती चालवली आहे त्यांनी कृपया सांगा. "सोडून दे" हे उत्तर नको.

अनघा_ठाणे

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे, त्यामुळे तुमचं दुखणं कळतं. सभेला गणसंख्या भरत नाही, मग अर्ध्या तासाने तहकूब सभा घ्यायची, हे आमचं दरवर्षीचं. ईमेल आणि ग्रुपवरचा मेसेज म्हणजे कुणालाच न पाठवलेलं पत्र. एकेकाला फोन करा. नाव घेऊन बोललं की माणूस नाही म्हणत नाही.

पण तुमचा नियम काय आहे ते लिहिलंच नाहीत. किती मतं लागतात? बहुमत चालतं का?

टेकऑफ

कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. राखीव पॅराशूटबद्दल एक सांगतो, कारण नवे लोक इथे फार हयगय करतात. राखीव छत्री वर्षानुवर्षं हार्नेसमध्ये तशीच पडून राहते. घाम, दमट हवा, पावसाळा. घड्या एकमेकींना चिकटतात आणि उघडायला वेळ लागतो. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत उलगडून, हवा देऊन, जाणकाराकडून पुन्हा घडी घालून घ्या. स्वतः यूट्यूब बघून करू नका.

रानवारा

@टेकऑफ, मुद्दा शंभर टक्के खरा आहे, पण माझा प्रश्न तो नाही.

@अनघाताई, निदान १० मतं पडली पाहिजेत. आणि विरोधी मत आलं तर समितीने त्याचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोनचं पटतंय. पण १९ जण चार टाइमझोनमध्ये आहेत.

जुना_जाणता

मी निवृत्त आहे, पुण्यात असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या वस्त्रोद्योग विभागातल्या एका समितीवर बरीच वर्षं काम केलं. तिथेही सगळे आपापल्या नोकऱ्यांतून वेळ काढून येणारे. तुमच्या लिखाणात मुख्य गोष्टीच नाहीत, म्हणून विचारतो.

मसुदा किती पानांचा आहे? त्यात नेमकं बदललंय काय? १९ जण कोण आहेत: विणणारे, शिवणारे, वापरणारे, की प्रयोगशाळावाले? अभिप्रायासाठी तक्ता दिला होता का? म्हणजे कलम क्रमांक, आक्षेप, कारण, आणि त्याऐवजी कोणता मजकूर हवा, असे रकाने. आणि तुम्ही स्वतः कुठे नोकरी करता, कापड विकणाऱ्याकडे की घेणाऱ्याकडे? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

बाकी, कारण न देता दिलेलं विरोधी मत मोजायचंच नाही. एएसटीएममध्येसुद्धा (अमेरिकेतली मानकं बनवणारी संस्था) विरोधी मतासोबत लेखी कारण द्यावंच लागतं.

मनीषा_सिएटल

जुना_जाणता काका, इथे मी सहमत नाही. नियमात बसत असेल तरी ती दोन मतं बाजूला टाकू नका. १९ पैकी ज्यांना विरोध करावासा वाटला, ते निदान मसुदा वाचून बसलेत! आमच्या महाराष्ट्र मंडळात आम्ही एकदा असाच एक विरोध "कारण दिलं नाही" म्हणून उडवला. तो माणूस हॉलच्या विम्याबद्दल बोलत होता आणि त्याचंच बरोबर निघालं. त्याला इंग्रजीत लांब पत्र लिहायचा कंटाळा होता, एवढंच.

जुना_जाणता

मनीषाताई, मंडळाचा हॉल आणि मानक यांत फरक आहे. मानकात प्रत्येक शब्दावर कुणाचा तरी माल पास किंवा नापास होतो. कारण लेखीच हवं. नाहीतर उद्या कुणीही नुसतं "नाही" लिहून आपल्या स्पर्धकाचा रस्ता अडवेल.

मनीषा_सिएटल

लेखी हवंच. पण ते मिळवायला आधी फोन करावा लागतो, एवढंच म्हणतेय.

रानवारा

काका, तुमचे प्रश्न वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मसुदा ४२ पानांचा आहे. बदल फक्त तीन ठिकाणी आहेत, पण ते वेगळे दाखवलेले नाहीत. अख्खी पीडीएफ पाठवली. तक्ता दिला नाही. आणि हो, माझी कंपनी हे कापड विकत घेते. हे सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून लिहिलं नव्हतं.

मतदारांत विणणाऱ्या गिरण्या ४, पॅराशूट बनवणारे ८, रिगर ५ (छत्री तपासून घडी घालणारे परवानाधारक), प्रयोगशाळा २.

मी इतका का पेटलोय तेही सांगतो. १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी ठरवलं की शक्य तिथे लष्करी मानकांऐवजी उद्योगाची मानकं वापरायची. त्यानंतर पॅराशूटच्या कापड, फिती, दोऱ्यांची अनेक मानकं उद्योगातल्या संघटनांकडे आली. म्हणजे ज्यांच्यामागे पूर्वी सरकारी कचेरी होती, ती आता आमच्यासारखे लोक शनिवार-रविवारी सांभाळतात. आम्ही नाही केलं तर करणारं दुसरं कुणी नाही.

आणि एकत्र बसण्याने काय होतं ते आमच्या क्षेत्राने पाहिलंय. १९८० च्या दशकात काही गोल राखीव छत्र्यांमध्ये कापडाला शिवलेल्या जाळीतलं आम्ल शेजारच्या नायलॉनला लागून कापड कमजोर व्हायला लागलं. बाहेरून बघून काही कळत नसे. तेव्हा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावून आम्ल शोधणं (आम्ल असेल तर पिवळं होतं) आणि कापडाला चिमटे लावून ठरावीक जोराने ओढून बघणं, या चाचण्या सगळीकडे रूढ झाल्या. एका कंपनीने एकटीने ठरवून हे झालं नसतं.

ग्रीनकार्ड_रांगेत

माझा वेगळा प्रश्न आहे. मी एच-१बीवर आहे, एरोस्पेसमध्ये. अशा समितीत मला येता येईल का? आयटारमुळे (अमेरिकेचे शस्त्र-निर्यातीचे नियम) कंपनी अर्ध्या मीटिंगमध्ये बसू देत नाही.

रानवारा

@ग्रीनकार्ड_रांगेत, आयटारच्या व्याख्येत ग्रीन कार्डवाले "यूएस पर्सन" धरतात, एच-१बीवाले नाही. आमच्या बैठकीत प्रसिद्ध झालेल्या माहितीपलीकडे काही बोलायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे इतर देशांचे लोकही येतात. पण आधी तुमच्या कंपनीच्या एक्सपोर्ट विभागाकडून लेखी घ्या. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

टेकऑफ

मघाशी भलतीकडे गेलो, माफ करा. पण अमेरिकेत घडीची मुदत किती असते?

रानवारा

कृत्रिम धाग्याची असेल तर १८० दिवस. २००८ च्या आधी १२० होती.

माग_वाला

इचलकरंजीहून. आमचे २४ माग होते, आता थोरला भाऊ बघतो. मी टेस्टिंगला आहे, टेक्निकल टेक्स्टाइल एक्स्पोर्ट करणाऱ्या युनिटमध्ये.

ते तीन बदल कुठले हे तुम्ही अजून सांगितलं नाही साहेब. माझा अंदाज, एक तरी हवेचा असणार. कापडातून हवा किती पार जाते त्याची मर्यादा. असेल तर दोन गोष्टी सांगा. कुठल्या दाबावर मोजता? आणि नमुना पन्ह्याच्या मधून कापता की काठाजवळून?

रानवारा

बरोबर ओळखलंत. मुख्य बदल परमिअबिलिटीचाच आहे. इतरांसाठी: जुन्या गोल छत्र्यांच्या एका नेहमीच्या कापडातून चौरस फुटाला मिनिटाला ८० ते १२० घनफूट हवा जाते. आताच्या पंखासारख्या छत्र्यांच्या कापडातून ० ते ३. हा आकडा बदलला की छत्री उघडताना बसणारा झटका बदलतो, ती झुलते किती तेही बदलतं. आम्ही वरची मर्यादा थोडी घट्ट केली आहे.

दाब नेहमीचाच. पाण्याचा अर्धा इंच, म्हणजे १२५ पास्कल. मसुद्यात "प्रचलित पद्धतीने" असं आहे. हे सगळ्यांना माहीत असतं.

माग_वाला

सगळ्यांना नसतं. आमच्याकडे युरोपचा माल असला की आयएसओ पद्धतीने करतो. औद्योगिक कापडाला तिथे २०० पास्कल. दाब वाढला की हवा जास्त जाणार, आकडा मोठाच येणार. तोच तागा, तोच पीक (आडव्या धाग्यांची दाटी), तोच रीड (उभ्या धाग्यांची दाटी), आणि एका कागदावर पास, दुसऱ्यावर नापास. वर नायलॉन ओलावा धरतं, म्हणून खोलीची आर्द्रता पाळली नाही तर आणखी फरक.

तुमच्या दोन विरोधकांत बाहेरच्या देशातली गिरणी आहे का बघा. असली तर त्यांना २०० वर किती येतं आणि १२५ वर किती, एवढंच विचारा.

अनघा_ठाणे

आणि फोनवरच विचारा, ईमेलवर नको.

जुना_जाणता

माग_वाला यांचा प्रश्न मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होता. "प्रचलित पद्धत" हा शब्द मानकात कधीही ठेवू नये. पद्धत, दाब, नमुन्याचं क्षेत्रफळ, तापमान, आर्द्रता, सगळं कलमात लिहा. आणि एकच तागा घेऊन त्याचे तुकडे दोन्ही प्रयोगशाळांना आणि चारही गिरण्यांना पाठवा. सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात आले की वाद निम्मा संपतो. तुमच्या कंपनीचा तागा मात्र वापरू नका.

रानवारा (शनिवार, सकाळी ७:१५)

गेल्या तीन दिवसांत ११ फोन केले.

विरोध करणारी एक गिरणी परदेशातलीच निघाली, आणि ते २०० पास्कलवरच मोजतात. त्यांना वाटलं आम्ही मर्यादा मुद्दाम त्यांना बाहेर काढायला घट्ट केली. माझी कंपनी खरेदीदार असल्याने त्यांचा संशय जास्त होता, हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. पद्धत कलमात लिहितो म्हटल्यावर लेखी अभिप्राय द्यायला तयार झाले. फोनवर ते दराबद्दल बोलायला लागले तेव्हा थांबवावं लागलं, समितीच्या कामात किमतीची चर्चा चालत नाही.

दुसरा विरोध एका रिगरचा. त्यांचं म्हणणं, नवीन मर्यादा आली की जुन्या, वापरात असलेल्या छत्र्यांचं काय? वापराने कापड हळूहळू जास्त हवा सोडायला लागतं, मग लोक चांगल्या छत्र्या भंगारात काढतील. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "हे मानक फक्त नव्या कापडाला लागू" असं एक वाक्य घालतोय.

तीन बदलांचं एक पान वेगळं काढून पाठवलं, सोबत काकांनी सांगितलेला तक्ता. तागा एका प्रयोगशाळेने द्यायचं कबूल केलंय. मतं आता ९ झालीत. एक कमी आहे.

मनीषा_सिएटल

त्या रिगरना फोन केलात हे फार बरं केलंत. दहावं कोण?

रानवारा

एक जुने सभासद आहेत, सत्तरीच्या पुढचे. ईमेल बघत नाहीत आणि दिवसा फोन उचलत नाहीत. त्यांच्या गावी आता सकाळचे सव्वाआठ झालेत. लावतो.

माग_वाला

नमुना पन्ह्याच्या कुठून कापायचा ते पण कलमात घाला. काठ सोडून. विसरू नका.