ॲडोलेसन्स : सलग शॉटने कथा तारली की मारली?

निशाचर
(रहस्यभेद आहे. चारही भाग पाहिले नसतील तर पुढे वाचू नका.)

मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ब्रिटिश मालिका. १३ वर्षांच्या जेमीवर शाळेतल्या केटीच्या खुनाचा आरोप, एकूण चार भाग, आणि प्रत्येक भाग एकही कट न घेता चित्रित केलेला. या सलग शॉटचं कौतुक भरपूर झालं. मला मात्र वाटतं, तिसरा भाग सोडला तर त्याने कथेचं नुकसानच केलं. दुसऱ्या भागातली शाळा बघा. इथून तिथे जायला कॅमेऱ्याला कुणाच्या तरी मागे चालावंच लागतं, म्हणून बॅस्कोम आणि फ्रँक हे दोघे पोलीस या वर्गातून त्या वर्गात हिंडत राहतात. तपास खऱ्या अर्थाने पुढे सरकतो तो बॅस्कोमचा मुलगा त्याला केटीने जेमीच्या इन्स्टाग्रामवर टाकलेल्या इमोजींचा अर्थ समजावतो तेव्हा. १०० ची इमोजी म्हणजे '८० टक्के मुलींना २० टक्केच मुलगे आवडतात', म्हणजे तू त्या २० टक्क्यांत नाहीस असं म्हणून केटी जेमीला हिणवत होती. सगळ्या भागाची किल्ली त्या एका छोट्या प्रसंगात आहे.

कंदील
अजिबात पटलं नाही. पहिला भाग आठवा. इंग्लंडमध्ये अल्पवयीन आरोपीच्या चौकशीला वकिलाखेरीज एक जबाबदार मोठं माणूस हजर लागतं. जेमी बापाचं नाव घेतो. त्यामुळे अंगझडती होते तेव्हा बाप, एडी, तिथेच उभा असतो, आणि कॅमेरा मुलावर न जाता बापाच्या चेहऱ्यावर थांबतो. शेवटी खुनाचं सीसीटीव्ही चित्रण दाखवतात तेव्हाही तो शेजारीच बसलेला. 'मी काही केलं नाही' या पोराच्या शब्दावर त्याच्यासोबत आपणही तासभर विसंबलेलो असतो. मध्ये एक जरी कट असता तरी हा भार हलका झाला असता.

निशाचर
पहिल्या भागाचं मान्य. पण केटीचं काय? कॅमेरा सतत चालू घडीला बांधलेला, त्यामुळे मेलेली मुलगी त्या चित्रणातल्या आकृतीपलीकडे दिसतच नाही. फ्रँक तर बोलूनही दाखवते की लोकांच्या लक्षात जेमी राहील, केटी नाही. दुखणं ओळखलं आणि उपचार केलाच नाही.

तिपाई
तंत्राबद्दल थोडं. प्रत्येक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रित केला. त्यातला वापरलेला टेक पहिल्या भागाचा दुसरा, दुसऱ्याचा तेरावा, तिसऱ्याचा अकरावा, चौथ्याचा सोळावा. शाळेचा भाग अवघड का गेला ते लगेच कळतं : शेकडो मुलं, पळापळ, जेमीचा मित्र रायन याच्यापाठोपाठ खिडकीतून बाहेर पडणारा कॅमेरा. शेवटी तोच कॅमेरा चालू असताना ड्रोनला अडकवतात, तो छपरांवरून खुनाच्या जागी जातो, तिथे पुन्हा माणसाच्या हातात येतो आणि फुलं ठेवणाऱ्या एडीच्या चेहऱ्याशी थांबतो. निशाचर, त्या भागाचा मधला पसारा मलाही खटकतो. पण केटीच्या जागेपर्यंतचं अंतर न तोडता पार करणं हे तिच्यासाठीच केलेलं आहे.

टिपकागद
तिसऱ्या भागाची सगळे तारीफ करतात, माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. ब्रायनी खटल्याआधीच्या अहवालासाठी आलेली मानसशास्त्रज्ञ. ही शेवटची भेट आहे हे ती जेमीला अगदी शेवटी सांगते. अशा मुलाला शेवट आधीच्या भेटीपासून सांगत आणायचा असतो, नाहीतर तो त्याला टाकून दिल्यासारखा लागतो. हॉट चॉकलेट आणणं, आपलं अर्धं सँडविच देणं, यानेही नात्याची रेषा पुसट होते. बाहेर नेताना तो 'मी तुला आवडतो का' असं ओरडत राहतो, त्याचं मूळ इथे आहे.

कंदील
टिपकागद, व्यवसायाच्या दृष्टीने तुमचं बरोबर आहे. पण तिला चुकताना दाखवलंय म्हणूनच तो भाग खरा वाटतो. जेमी म्हणतो, केटीला हात लावता आला असता, मी लावला नाही, दुसऱ्या मुलांनी लावला असता; म्हणजे मी त्यांच्यापेक्षा चांगला. हे कोरड्या प्रश्नावलीतून बाहेर आलं असतं का? आणि मध्ये ती खोलीबाहेर जाते तेव्हा कॅमेरा तिच्यासोबत जातो, जेमीजवळ थांबत नाही. तिची भीती आपल्याला त्या मोकळ्या वाटेत कळते.

टिपकागद
बाहेर आलं असतं, वेळ लागला असता. तासाभरात सगळं उकलायचं हे बंधन सलग शॉटचं आहे, मुलाच्या मनाचं नाही. एक मात्र कबूल : तो गेल्यावर ती टेबल आवरायला लागते, उरलेल्या सँडविचला बोट लागतं आणि हात झटकन मागे येतो. तिथे कॅमेरा हलत नाही, तेच योग्य.