शार्कचा फिन म्हणजे पर, पंख की हात?

मंडळी, एका शब्दावर आठवडाभर अडकलेय. जर्मन शिकतेय, क्लासमध्ये जर्मन नाटककार ब्रेश्टच्या 'थ्री पेनी ऑपेरा'मधलं सुरुवातीचं गाणं मराठीत करायला दिलंय, म्हणजे १९२८ ला बर्लिनमध्ये आलेलं तेच नाटक ज्यावरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. गाणं मॅकी नावाच्या खुनी दरोडेखोराचं पण सुरू होतं शार्कपासून. शार्कचे दात उघड दिसतात, मॅकीचा सुरा दिसत नाही, इथपर्यंत जमलं. पुढे म्हटलंय की रक्त सांडलं की शार्कचे 'फ्लॉसन' लाल होतात, मॅकी मात्र हातमोजा घालतो म्हणून त्याचं काही उघडकीला येत नाही. फ्लॉसन म्हणजे फिन्स, पण बोली जर्मनमध्ये माणसाच्या हातालाही फ्लॉसे म्हणतात! सगळी गंमत त्यातच आहे. आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिनने गायलेल्या इंग्रजीत फिन्स गायबच, नुसत्या लाल लाटा. मला ते घालवायचे नाहीयेत. पर लिहू, पंख लिहू, काय लिहू?

प्रतिसाद १
ताई, पंख नको. २०१५ ला निर्यातबंदी आली तेव्हा पेपरात 'शार्कचे पंख' वाचलं होतं तेव्हाही खटकलेलं. पंख मिटतो. आमच्याकडे मालवणात मासळी बाजारात मुशी, म्हणजे शार्कच, येते तिचा पर हातात धरून बघा, बांगड्याचा पर कसा काट्यांवर पंख्यासारखा उघडतो-मिटतो तसं हिचं काहीच नाही, ताठ, जाड, एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला की पॉलिश पेपर. आत हाडाचा काटा नसतो, कूर्चा आणि केसासारखे चिवट तंतू असतात, परदेशात शार्कच्या परांच्या सूपमध्ये शेवयांसारखे दिसतात ते हेच. त्या तंतूंसाठी जिवंत मुशीचे पर कापून धड समुद्रात टाकून देतात, तिला पोहताच येत नाही, तळाला जाऊन मरते. फार वाईट वाटतं.
आणि गाण्यात मोरी (मुशीचंच दुसरं नाव) लिहू नका, आमच्याकडे मोरीचं मटण म्हणजे जीव की प्राण पण पुण्यात वाचणारा आंघोळीच्या जागेत जाईल. मुशी लिहा.

प्रतिसाद २
'पर'च बरोबर. विश्वकोशात 'पक्ष' आहे, पाठीवरचा तो पृष्ठपक्ष, छातीजवळची जोडी ती अंसपक्ष, पण गाण्यात पक्ष म्हटलं की लोकांना निवडणूक आठवणार. पर हा फारसीतून आलेला, पंख आणि पाखरू हे संस्कृत पक्षाच्या घरातले, अर्थ मात्र दोन्हीकडे पिसं आणि उडणंच. माशाला आपण पक्ष्याचा शब्द दिला, जर्मनने माशाचा शब्द माणसाच्या हाताला दिला. आणि ते नुसतं वरवरचं साम्य नाहीये बरं का, माशाची छातीजवळची परांची जोडी आणि आपले दोन हात उत्क्रांतीत एकाच मुळाचे आहेत. शार्कला हवेची पिशवी नसते, पोहताना हेच पर विमानाच्या पंखासारखे त्याला वर उचलून धरतात. पाठीवरचा तिकोनी पर सिनेमात सगळ्यांना माहीत, त्याचं काम अंग कलंडू न देणं. गाण्यात हातमोजा आहे म्हणजे जोडीतलेच पर डोळ्यासमोर आणा, पाठीवरचा नको.

प्रतिसाद ३
मग 'हात मारणे' घ्या की! पोहतानाही आपण हात मारतो आणि दुसऱ्याच्या पैशावरही हात मारतो. जर्मनची कोटी नामात आहे, आपली क्रियापदात जाईल. शिवाय मराठीत चोर रंगेहाथ सापडतो, म्हणजे लाल रंग आयताच आला.

अहो किती थँक्यू! रंगेहाथ डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता असं झालंय, चालीत अजून बसवायचंय:
मुशीने हात मारला की पर लाल,
मॅकीने मारला तरी मोजा पांढरा.
'मुशीने हात मारला' कानाला खटकतंय का कुणाला? मालवणवाल्या दादांनी खास सांगा.

प्रतिसाद १
मला नाही खटकत. 'पर लाल'च्या आधी 'दोन्ही' टाका, म्हणजे जोडी कळेल.