दिलीप प्रभावळकरांचं कुठलं काम आधी बघू?

कुडाळचोपोरगो: परवा 'दशावतार' सिनेमा बघितला नि डोकं सुन्न झालं. ८१ व्या वर्षी माणूस असं काम करतो? मी त्यांना फक्त 'लगे रहो मुन्नाभाई'मधला गांधी म्हणून ओळखायचो. अजून काय बघू सांगा ना.

देवगडहापूस: अरे गांधी २००६ चा, त्याआधी १९९१ चा 'चौकट राजा' बघ, मतिमंद नंदू, रडशील. मग लगेच 'झपाटलेला' लाव, तोच माणूस तात्या विंचू! बाहुल्याचा आवाजपण त्यांचाच, लहानपणी मी त्या आवाजाने रात्री पडवीत जायला घाबरायचो. टीव्हीवरच्या मालिकांत चिमणराव, नंतर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा.

जत्राप्रेमी: नाटक कसा विसरलंस रे बाबा? 'हसवाफसवी'त एकटे सहा भूमिका करायचे. आमच्याकडे दशावतारी, म्हणजे जत्रेतले लोकनाट्यवाले, रात्रभर नाचतत, संवाद लिहिलेले नसतत, तोंड स्वतःच रंगवतत नि पुरुषच राणी होतत, म्हणून माका ह्या वेष बदलण्याचा जास्त कौतुक. एका अंकाएवढ्या वेळात दुसरो माणूस होऊन येणा म्हणजे खायची गोष्ट नाय.

कुडाळचोपोरगो: आणि जाहिरातीत घेतलं की असले कलाकार तीस सेकंदात संपतात हो, वाईट वाटतं.

देवगडहापूस: तीस सेकंदात ओळख पटवणं पण सोपं नाही हां, तिथे तालमीला जागाच नसते. असो, 'चौकट राजा' आजच बघ, रुमाल घेऊन बस.