‘लाट’ नाही, पण ‘उकाडा’ आहे: उष्णतेच्या इशाऱ्यात कोणता शब्द आणि कोणते माप?

मूळ प्रश्न, रत्नागिरीहून

नमस्कार. आमच्या तालुक्यातील आरोग्य उपकेंद्रांवर लावण्यासाठी उन्हाळी इशाऱ्यांचा मराठी मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि पहिल्याच ओळीत मी अडले आहे. हाती आलेल्या मसुद्याची सुरुवात ‘उष्णतेची लाट आल्यास’ अशी आहे. हवामान विभागाच्या निकषानुसार लाट म्हणायची तर कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश असावे लागते, ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढलेले असावे लागते, आणि ही स्थिती हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस टिकावी लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपास असतो. म्हणजे लाट क्वचितच येते. चिरेखाणीत आणि आंब्याच्या बागेत माणसे मात्र चक्कर येऊन पडतात.

माझे प्रश्न असे आहेत. ‘हीट स्ट्रेस’ला ‘उष्णतेचा ताण’ म्हणावे की ‘उष्माघात’ हा रुळलेला शब्दच पुरेल? तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून काढलेल्या ‘हीट इंडेक्स’साठी ‘उष्णता निर्देशांक’, ‘भासमान तापमान’ आणि ‘जाणवणारे तापमान’ असे तीन पर्याय वाचनात आले. त्यांतला कोणता घ्यावा? ‘वेट बल्ब’ला ‘ओला फुगा’ म्हटले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जत्रेतला फुगा येईल, त्याला दुसरा शब्द आहे का? आणि मुळात यांपैकी कोणते माप फलकावर यावे?

प्रतिसाद, नागपूरहून

मी हवामानाच्या नोंदी घेण्याच्या कामात बरीच वर्षे होतो, म्हणून आधी मापाविषयी लिहितो. शब्द त्यातूनच निघेल असे वाटते.

पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एकाच्या पाऱ्याच्या टोकावर मलमलीचे फडके गुंडाळलेले असते आणि त्याची वात खालच्या कुपीतल्या पाण्यात सोडलेली असते. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि तो पारा शेजारच्यापेक्षा खाली उतरतो. हवा कोरडी असेल तर पुष्कळ उतरतो, दमट असेल तर जेमतेम. आम्ही कामावर ‘ड्राय’ आणि ‘वेट’ एवढेच म्हणत असू, पण मराठीत ‘ओल्या फडक्याचे तापमान’ म्हटले तर समोर काय आहे ते शब्दातच दिसते. ‘आर्द्र-कंद’सारखा शब्द वाचून कोणालाही काही दिसत नाही.

हेच माप माठाला लागू पडते. नागपुरात मे महिन्यात माठातले पाणी दात शिवशिवावेत इतके गार होते आणि वाळ्याचा कूलर खोली निववतो. तोच माठ आणि तोच कूलर रत्नागिरीला नेला तर त्यांचे काही चालत नाही, कारण कूलरची हवा ओल्या फडक्याच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. घामेजलेले शरीरही अशाच प्रकारे गार होते.

आता आकडे पाहा. आमच्याकडे ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान साधारण २४ अंश येते. आपल्याकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ते २९ अंशांच्या वर जाते. ‘हीट इंडेक्स’च्या सूत्राने नागपूरचा आकडा सुमारे ४४ आणि रत्नागिरीचा सुमारे ४७ निघतो. बातमीत मात्र नागपूर ‘होरपळले’ आणि रत्नागिरी ‘सामान्य’ असे छापून येते. ओल्या फडक्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत गेले तर निरोगी माणूससुद्धा सावलीत बसून फार तास टिकू शकत नाही, असे २०१० साली गणिताने मांडले गेले. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीरातल्या उष्णतेचा तोल त्याच्या बराच आधी, सुमारे ३१ अंशांना ढळू लागल्याचे दिसले. या हिशेबाने २९ हा आकडा किरकोळ म्हणता येत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

मी मराठी शिकवते. आधीच्या प्रतिसादातील भेद आपल्या क्रियापदांत पूर्वीपासून आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. बटाटा आपण उकडतो आणि वांगे भाजतो; पहिल्या क्रियेत पाणी आणि वाफ असते, दुसऱ्या क्रियेत नुसती आच. हवेबद्दल बोलतानाही कोकणातला माणूस ‘उकडतंय’ म्हणतो, तर विदर्भ-मराठवाड्यात ‘ऊन तापलंय’, ‘अंग भाजतंय’, ‘झळा लागताहेत’, ‘अंगाची लाही झाली’ असे शब्द येतात, आणि लाही तर कोरड्या तापलेल्या कढईतच फुटते. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर हवा कोंदली की तेच लोक ‘उमस’ हा वेगळा शब्द काढतात. ‘उष्णता’ हा एकच शब्द वापरून आपण हा सगळा भेद पुसून टाकतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की किनारपट्टीच्या फलकावर ‘धोकादायक उकाडा’ आणि पठारावरच्या फलकावर ‘धोकादायक ऊन’ असे दोन निरनिराळे शब्द असावेत. हवामान विभागाच्या पत्रकात कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा स्वतंत्र इशारा येतच असतो. त्याला बोलीतला प्रतिशब्द ‘उकाडा’ हाच आहे.

‘भासमान’ला माझा ठाम विरोध आहे. भास म्हणजे जे नाही ते असल्यासारखे वाटणे. ज्या आकड्यावरून माणसाचे काम थांबवायचे, त्याला आपणच भास म्हटले तर मुकादमाच्या हाती आयते कारण मिळेल.

प्रतिसाद, अमरावती जिल्ह्यातून

‘ताण’ हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. आम्ही संत्र्याचा बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून बागेला ताण देतो आणि किती दिवस द्यायचा ते जमिनीचा पोत पाहून ठरवतो. ताण बेताने द्यायचा असतो. तो जास्त झाला तर झाड वाळते. ‘उष्णतेचा ताण’ म्हटल्यावर शेतकऱ्याला हा चढता क्रम आपोआप समजेल.

प्रतिसाद, नाशिकहून

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याच कारणासाठी ‘उष्माघात’ हा शब्द राखून वापरावा असे सुचवतो. आघात हा शेवटचा टप्पा आहे: शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि माणूस बरळू लागतो, त्याला झटके येतात किंवा त्याची शुद्ध हरपते. त्याआधी पेटके, मळमळ, डोके दुखणे, गळून जाणे हे सगळे ताणाचे टप्पे येऊन गेलेले असतात. इशारा त्या टप्प्यांसाठी असतो. आघात झाल्यावर फलक वाचायला कोणी थांबत नाही. आणखी एक समज फलकावरून खोडून काढावा ही विनंती: ‘घाम थांबला तरच ऊन लागले’ हे खरे नाही. अंगमेहनत करणारा माणूस घामाने चिंब असतानाही आघाताच्या अवस्थेत असू शकतो.

मापाबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि ४१, ४३ व ४५ अंश असे तीन सोपे उंबरठे ठरवले. त्यात आर्द्रता नाही, तरी तो आराखडा उपयोगी पडला, कारण उंबरठे त्याच शहरातल्या मृत्यूंच्या नोंदींशी ताडून ठरवलेले होते. म्हणून ‘सर्वांत शास्त्रशुद्ध माप कोणते’ यापेक्षा ‘आमच्या तालुक्यात माणसे कोणत्या मापाच्या वाढीबरोबर आजारी पडतात’ हा प्रश्न आधी विचारावा. किनाऱ्याजवळ नुसते तापमान फसवते, हे मात्र निश्चित. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ‘उकाडा’, ‘ताण’ आणि ‘ओल्या फडक्याचे तापमान’ हे तिन्ही शब्द मी घेत आहे. ‘जाणवणारे तापमान’ या शब्दाविषयी मात्र एक शंका उरते. हवामान विभाग २०२३ पासून प्रायोगिक स्वरूपात ‘हीट इंडेक्स’ देतो. त्यात ३६ ते ४५ पिवळा, ४६ ते ५५ केशरी आणि त्यावर लाल रंग आहे. हे माप ज्या मूळ अभ्यासावरून आले, तो १९७९ चा आहे आणि त्यात एक धट्टाकट्टा प्रौढ माणूस मंद वाऱ्यात, सावलीत चालतो आहे असे गृहीत धरलेले आहे. मी परवा एका चिरेखाणीत गेले होते. जांभ्याचा उभा कापलेला कातळ तीन बाजूंनी तापलेला, वारा नाही, पायाखाली लाल धूळ, आणि चिरा उचलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ओल्या पंचाखेरीज काही नाही. ‘जाणवणारे’ म्हणताना ते नक्की कोणाला जाणवणारे, असा प्रश्न तिथे पडला.

प्रतिसाद, नागपूरहून

आपली शंका रास्त आहे. खाणीसाठी तिसरे माप आहे, ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’. ते १९५० च्या दशकात अमेरिकेत, सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्णतेने होणारे मृत्यू टाळण्यासाठी तयार झाले. त्यात उघड्यावरच्या ओल्या फडक्याच्या तापमानाला ७० टक्के वजन, काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यातल्या तापमानाला २० टक्के आणि बातमीत आपण जो आकडा ऐकतो त्याला फक्त १० टक्के वजन असते. ऊन, तापलेला कातळ आणि वारा हे तिन्ही तो काळा गोळा टिपतो. समजा आपल्या खाणीत ओले फडके ३० अंश, गोळा ४८ अंश आणि हवा ३४ अंश आहे: २१ अधिक ९.६ अधिक ३.४, म्हणजे ३४. मी याला ‘श्रम-उष्मा मान’ म्हणेन, कारण काम किती करावे हे ठरवण्यासाठीच ते आहे.

अडचण एकच आहे. या मापात ३४ हा आकडा अत्यंत घातक असतो, आणि ४५ ऐकायची सवय झालेल्या कानांना मात्र तो गारव्याचा वाटतो.

प्रतिसाद, तोक्योहून

जपानने हीच अडचण शब्दाने सोडवली आहे. इथे त्याच मापाला लोकांसाठी ‘आत्सुसा शिसू’, म्हणजे ‘उकाड्याचा निर्देशांक’, असे साधे नाव आहे आणि २०२१ पासून देशभर त्यावरूनच इशारा दिला जातो. प्रांतातल्या कोणत्याही केंद्रावर हा आकडा ३३ पर्यंत जाण्याचा अंदाज असला की इशारा निघतो. २०२४ पासून ३५ साठी त्याहून वरचा, विशेष इशारा आहे. ३१ च्या वर व्यायाम थांबवावा, हे शाळेतल्या मुलांनाही सांगितलेले असते. इशाऱ्याच्या नावात तापमान किंवा लाट यांपैकी काही नाही. त्यात आजाराचे नाव आहे. आमच्या वस्तीत सकाळी भोंग्यावरून तो पुकारला जातो आणि शेजारच्या आजी पंखा बंद करून एसी लावतात.

मूळ प्रश्नकर्ती

मग फलकाचा मजकूर असा ठरवते. उपकेंद्रावरच्या फलकावर आकडा नसेल. रंग आणि शब्द असतील: ‘उकाडा वाढला’, ‘धोकादायक उकाडा’, ‘जीवघेणा उकाडा’. रंग ‘हीट इंडेक्स’वरून ठरेल, कारण तो आज रोज मिळतो. खाणी आणि बागांसाठी वेगळा फलक राहील. त्यावर श्रम-उष्मा मान आणि त्यापुढे ‘तासाला किती वेळ सावलीत’ एवढेच लिहिलेले असेल. ‘लाट’ हा शब्द हवामान विभाग ज्या दिवशी तो वापरील त्याच दिवशी वापरू.

प्रतिसाद, नाशिकहून

एक भर घालावी. ‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नये’ एवढेच लिहिले तर उकाडा दुपारपुरता असतो असे वाटते. किनाऱ्यावर रात्रीही पारा फारसा उतरत नाही आणि पत्र्याच्या घरात झोपणाऱ्या वृद्धांना दिवसाचा ताण उतरवायला वेळच मिळत नाही. फलकावर ‘रात्रीचा उकाडा’ अशी स्वतंत्र ओळ हवी, आणि तिच्याखाली ‘एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याची सकाळी विचारपूस करावी’ हे वाक्य हवे.